बासष्ट पायऱ्या

हॉटेलवालीचं उत्तर आलं रात्री साडेअकराला.
लिफ्ट नाही. पायऱ्या बासष्ट.
पण खिडकीतून समुद्र दिसतो, असं तिनं
दोनदा लिहिलं होतं.

हेमलता झोपली नव्हतीच.
"बासष्ट म्हणजे किती?"
आणि मी, भूमी अभिलेखातला निवृत्त आरेखक,
समोच्च रेषा काढण्यात चौतीस वर्षं घालवलेला,
अंधारातच मोजून म्हणालो,
पर्वतीच्या अर्ध्याहून थोडं वर.

हे सुरू झालं एका कॅलेंडरपासून.
ससूनच्या वॉर्डात, शहाऐंशी साली,
कुठल्याशा खोकल्याच्या औषधवाल्यांनी दिलेलं.
मे महिना: कड्याला चिकटलेली गुलाबी, पिवळी घरं,
खाली होड्या. गावाचं नाव नाही.
तिनं त्या भिंतीवर जून लागू दिला नाही.
रात्रपाळीत सलाईन बदलून झालं की
त्यातल्या एका खिडकीत ती राहायला जायची,
हे मला कळलं परवा,
नातवानं त्या पिवळ्या पडलेल्या कागदावर फोन धरला
आणि फोन म्हणाला, इटली.

आमचा समुद्र म्हणजे हर्णै.
घाटात मुलीच्या उलट्या,
पाण्यात घोट्याइतके आम्ही,
परतीच्या पिशवीत सुकट,
आठवडाभर कपाटाला वास.
त्या समुद्रालाही कधी कुणी
पायऱ्या किती, असं विचारलं नव्हतं.

विम्याच्या कागदात बारीक अक्षरात होतं:
मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च, पंचवीस लाखांपर्यंत.
तिनं चष्मा पुसून परत वाचलं.
"जिवंतपणी मला संडासाजवळच्या सीटवर बसवणार,
आणि मेल्यावर पंचवीस लाख?"
एवढं हसलो की चहा गार झाला.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
खाली भंगारवाला ओरडत गेला.
तिनं त्या चौकोनात बरोबरची खूण केली
आणि पेनाचं टोपण लावलं.

व्हिसाच्या काउंटरवर तिचे ठसेच उमटेनात.
"आजी, जरा दाबून," मुलगी म्हणाली, "अजून दाबून."
तीस वर्षं फिनेल, स्पिरिट, डेटॉल,
बोटांवरच्या रेषा कधीच धुवून गेलेल्या.
मी रेषांचा माणूस. टेकड्या, ओढे, बांध,
सगळं पाहून झालं होतं माझं.
इतकी सपाट जमीन कधी पाहिली नव्हती.
चौथ्या खेपेला यंत्र कबूल झालं.
रिक्षात मी तो हात धरला तर म्हणाली,
"सोड, घाम येतोय."

सामानावरून रोजच वाद.
मेतकूट दोन पाकिटं.
तिथे भात मिळतो, मी सांगितलं.
"मिळतो. पण दाणा अर्धा कच्चा ठेवतात म्हणे,
मुद्दाम."
गुडघ्याचा पट्टा, बीपीच्या गोळ्या, गरम पाण्याची पिशवी,
आणि तळाशी, साड्यांच्या खाली लपवलेला,
एक फुलाफुलांचा गाऊन, लेबलसकट,
जो मला दिसलेला नाही.

आज सकाळी साडेपाचला पर्वती.
पायथ्याशी तिनं चप्पल घट्ट केली, कठड्याला हात लावला.
"ह्या रुंद आहेत," दहाव्या पायरीवर म्हणाली,
"त्या अरुंद असणार. ह्या धरू नकोस हिशेबात."
पण मोजत होती. ओठ हलत होते.
विशीतली दोन पोरं धावत वर गेली,
धावत खाली आली, परत वर गेली.
चाळीसला ती थांबली. मीही, बुटाची नाडी बांधायला,
जी सुटली नव्हती.

बासष्टाव्या पायरीवर ती बसली.
श्वास लागला होता. कपाळावरचं कुंकू जरा ओघळलं होतं.
खाली स्वारगेटकडे दिवे विझत होते,
गच्च्यांवर काळ्या टाक्या, एक निळी ताडपत्री,
वारा आला की तिचं टोक उठायचं, बसायचं.
ती त्या निळ्याकडे बघत होती, की कशाकडेच नाही,
मी विचारलं नाही.

"आलं हॉटेल," ती म्हणाली.
"सामान ठेव खाली."

माझ्या हातात फक्त पाण्याची बाटली होती.
ती मी ठेवली.